अकरावीत राहून गेलेली पृथ्वी

महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक मंडळानं अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेला जे वैकल्पिक विषय दिले आहेत, त्यांत भूशास्त्र आहे. अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे. तरी राज्यातल्या बहुतेक मुलांची या विषयाशी गाठच पडत नाही, कारण त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकवला जात नाही. फिजिक्स-केमिस्ट्री घ्यायचं, मॅथ्स किंवा बायो किंवा दोन्ही घ्यायचं, बायो नको असेल तर बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर, अशी वाट आधीच आखलेली असते. नीट, जेईई, सीईटी यांपैकी कशातच भूशास्त्र नाही, म्हणून ते घरातल्या चर्चेतही येत नाही. अवकाशाची गत याहून वाईट. आठवीत ताऱ्यांची जीवनयात्रा, नववीत दुर्बिणी, दहावीत अवकाश मोहिमा असे धडे मुलं आवडीनं शिकतात, आणि मग जेव्हा या गोष्टी खऱ्या अर्थानं समजायचं वय येतं, तेव्हा विषयच संपतो.

यंदाचा आमचा अंक पृथ्वी आणि अवकाश या विषयाला वाहिला आहे तो या अस्वस्थतेतून. आमचं म्हणणं सरळ आहे: हा विषय सोळा ते अठरा या वयातच शिकवायला हवा, आणि महाराष्ट्रात तर तो शिकवायलाच हवा.

या वयाचा आग्रह का, ते लोणारवरून सांगता येईल. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचं मानलं जात होतं. आघाताच्या प्रचंड दाबाखालीच तयार होणारी मास्केलिनाइटसारखी काच तिथं सापडली, आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं ते अशनीच्या आघातातून झालं हे पक्कं केलं. मग प्रश्न आला वयाचा. स्फटिकांत साठत जाणाऱ्या ऊर्जेवरून, म्हणजे तप्तदीप्तीच्या पद्धतीनं, उत्तर आलं सुमारे ५२ हजार वर्षं. पर्यटक आणि पुस्तकं अजून हाच आकडा सांगतात. पण २०११ मध्ये आघातात वितळलेल्या खडकातला आरगॉन मोजून आलेलं वय निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दोन आकड्यांत दहापटींहून जास्त अंतर!

आता हा प्रश्न बारावीच्या वर्गात ठेवून पाहा. पोटॅशियमचं आरगॉन होणं म्हणजे किरणोत्सारी ऱ्हास, त्याचं सूत्र बारावीच्या फिजिक्समध्ये आहे. खडक पूर्ण वितळला तर जुना आरगॉन निघून जातो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. अर्धवट वितळला तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या मूळ बेसॉल्टमधला आरगॉन आत राहतो आणि वय फुगतं. उलट, साठलेली ऊर्जा मधल्या काळात कशानं पुसली गेली असेल, तर वय कमी भरतं. कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, याचा वाद मुलांनी तासभर घालावा. विज्ञान कसं चालतं, उत्तर का बदलतं आणि बदललं म्हणून ते खोटं का ठरत नाही, हे त्या एका तासात जेवढं कळेल तेवढं वर्षभराच्या एमसीक्यूंमधून कळणार नाही. सहावीतल्या मुलाला लोणारची गोष्ट सांगता येते, हा वाद त्याच्यापुढे मांडता येत नाही. लॉगॅरिदम, लहरी, गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व, सिलिकेटांचं रसायन ही सगळी हत्यारं मुलांच्या हाती अकरावी-बारावीतच येतात. नेमक्या त्याच दोन वर्षांत आपण त्यांना क्लासच्या सराव परीक्षांच्या हवाली करतो.

पृथ्वी आणि अवकाश एकाच विषयात का घालायचे, असं कुणी विचारेल. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची हकिकत त्याला उत्तर देते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांजवळ अचानक प्रखर उजेड दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. ते २ सप्टेंबरला कुलाब्याच्या उपकरणांवर उतरलं, आणि तिथल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून, हातानं आकडे वहीत लिहिले. क्षेत्राची तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरली होती. ते आकडे तसेच राहिले, आणि २००३ मध्ये संशोधकांनी त्यांच्याच आधारे त्या वादळाचा जोर नव्यानं मोजला. आज उपग्रह आणि विजेची ग्रिड यांना सौर वादळापासून किती धोका आहे याचा हिशेब करताना जगभर कुलाब्याची ती नोंद पुढे ठेवतात. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमाप बिघडेल, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेण्यात आलं. तिथं ते आजही चालू आहे. सूर्य, पृथ्वीचा गाभा आणि शहराची वीज यांना एकत्र बांधणारी ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर घडली. अलिबागच्या किल्ल्यावर सहलीला गेलेल्या किती मुलांना ती कुणी सांगितली असेल?

अवकाशाच्या बाबतीत आपण दरिद्री नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस ॲंटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे, पुण्यात आयुका आहे, १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत झालं. त्यात उतरणारी मुलं जे शिकून येतात ते बहुतांशी वर्गाबाहेर शिकून येतात. ज्यांच्या घरी कुणी सांगणारं आहे, जे शहरात राहतात, त्यांना ते जमतं. मेहकर किंवा अक्कलकुव्याच्या मुलीनं काय करायचं?

जमिनीचा हिशेब तर जिवाशी भिडतो. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. धरणाच्या पाण्याचा भार आणि भेगांत झिरपून वाढणारा दाब यांमुळे आधीच ताणात असलेले प्रस्तरभंग सरकतात, याचं कोयना हे जगातल्या पाठ्यपुस्तकांतलं उदाहरण आहे. तिथं खोल छिद्र घेतलं तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट-नाइस. अंकातला सर्वांत दीर्घ लेख याच कामावर आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटेचा. आदल्या वर्षी तिथं धक्के बसत होते. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं ओझं, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. मग कोसळलेल्या दरडी: माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही जुलै महिन्यातल्या. डोंगराला भेग पडली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, झाडं कलली, तर त्याचा अर्थ गावात कुणाला तरी लागायला हवा. हे ज्ञान जिल्ह्याच्या कचेरीत असून भागत नाही.

आणि पाणी. बोअर फेल गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी. पाणाड्या हातावर नारळ उभा राहतो तिथं जागा दाखवतो, आणि कर्ज काढून खडक फोडला जातो. भरीव बेसॉल्टमध्ये पाणी साठत नाही. ते असतं भेगांत, मुरमात, लाव्हाच्या एका थराच्या सच्छिद्र माथ्यावर. विहीर खणणाऱ्यांना मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण यांतला फरक हाताला कळतो. हे हातातलं ज्ञान आणि भूशास्त्राचा नकाशा यांची भेट वर्गात झाली, तर शेतकऱ्याच्या घरातली बारावीची मुलगी चौथी बोअर घेण्यापूर्वी बापाला दोन प्रश्न विचारू शकेल. या विषयाची मला वाटणारी सर्वांत मोठी गरज हीच आहे, आणि ती कुठल्याही कटऑफमध्ये मोजली जात नाही.

जपानमध्ये उच्च माध्यमिक शाळेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी यांच्या पंक्तीला 'चिगाकू' नावाचा चौथा विषय आहे. खडक, भूकंप, हवामान आणि तारे त्यात एकत्र येतात. तिथंही तो घेणारी मुलं कमीच. पण त्याचं स्थान अभ्यासक्रमात पक्कं आहे.

शिक्षक कुठून आणायचे, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक महाविद्यालयाला पूर्णवेळ भूशास्त्रज्ञ मिळणार नाही. म्हणून तालुक्यातल्या चार-पाच महाविद्यालयांत मिळून एक शिक्षक, एक खडकांचा संग्रह आणि एक लहान दुर्बीण, एवढ्यापासून सुरुवात करावी अशी आमची शिक्षण विभागाला सूचना आहे. प्रयोगशाळा तर दाराशी आहे. निघोजचे रांजणखळगे आहेत, वाघोलीच्या खाणींतले झिओलाइट आहेत, मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस आहे. दुसरी मागणी प्रवेशाची. स्थापत्य अभियांत्रिकीत भूशास्त्र शिकवतातच, कृषी पदवीत मृदाशास्त्र असतंच. तर त्या प्रवेशांत बारावीच्या भूशास्त्राच्या गुणांना वजन द्यावं. तेवढं झालं तरी पालक हा विषय घेऊ देतील.

ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत भूशास्त्र आजही नेटानं शिकवलं जातं, तिथल्या शिक्षकांनी आपल्या क्षेत्रभेटींची टिपणं आणि विद्यार्थ्यांची जर्नलं आमच्याकडे पाठवावीत. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.