मुळशीच्या काठावर घर घेण्यापूर्वी

मुळशी, पवना, वरसगाव या भागांतील ‘लेक व्ह्यू’ भूखंडांच्या जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी, आणि आता निवृत्तीनंतरच्या शांत आयुष्यासाठीही. त्यातील ‘लेक’ या शब्दाला माझी हरकत आहे. (मराठीत लेक म्हणजे कन्या, हा मुद्दा निराळा!)

लोणारसारखे अपवाद वगळता महाराष्ट्रात मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. वरील तिन्ही जलाशय धरणांचे आहेत. मुळशीचे धरण टाटांच्या वीज कंपनीने मुंबईला वीज पुरविण्यासाठी बांधले. पूर्ववाहिनी मुळेचे पाणी सह्याद्रीपार वळवून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहात सोडले जाते. कोलाडजवळ कुंडलिकेत राफ्टिंग चालते ते याच पाण्यावर.

या पाण्याखाली मुळशी पेट्यातील भातखाचरे आहेत. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने कंपनीला जमीन मिळवून दिली. ५२ गावे आणि सुमारे ११,००० माणसे या प्रकल्पाच्या तडाख्यात सापडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर गेले आणि काम थांबले. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. १९२४ पर्यंत लढा मोडला होता आणि बापट तुरुंगात होते.

‘जगातील पहिला धरणविरोधी लढा’ हे वाक्य समाजमाध्यमांवर सतत फिरते. अभिमान योग्यच, पण त्यामुळे या इतिहासातील सर्वांत अवघड भाग झाकला जातो. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात तो नेमका दाखविला आहे. विरोधकांत फूट होती. पुण्यात राहणारे जमीनमालक आणि सावकार भरपाई घेण्यास तयार होते. खाचरांत राबणाऱ्या कुळांना मात्र जमीनच हवी होती. ज्यांच्या नावावर जमीन होती आणि ज्यांचे पोट तिच्यावर होते, ती माणसे वेगळी होती. पैसा पहिल्यांना मिळणार होता, उठून जायचे होते दुसऱ्यांना.

म्हणूनच आजचे भूखंड-व्यवहार मला केवळ मालमत्तेचा विषय वाटत नाहीत. तेथे राहायला जाऊ नका, असे मी म्हणत नाही. डोंगरउतारावर म्हातारपण घालवावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु विकणारा आणि कसणारा एकच आहे का, हा १९२१ चा प्रश्न खरेदीखतावर सही करण्यापूर्वी विचारलाच पाहिजे. सातबारा पाहाच, जुने फेरफारही काढा. आणि दलालाला वगळून एकदा काठावरच्या वाडीत जाऊन बसा. धरणात गेलेल्या गावांची नावे तेथील वृद्धांना विचारा. मुक्कामाच्या जागांवरील फलकांवर ती बहुधा सापडणार नाहीत.