मोटारीच्या दिव्यांचा रोख

उसाच्या हंगामांत रात्रींचा रस्ता एकट्या मोटारवाल्याचा नसतो. त्यावर बैलगाड्या असतात, पायीं जाणारे मजूरही असतात. झोत डोळ्यांवर आला कीं गाडीवानास क्षणभर कांहींच दिसत नाहीं. ‘डिपर दिला कीं आपलें काम झालें’ हा समज आम्हांस मान्य नाहीं. रोखच वर असेल तर डिपरचा प्रकाशही डोळ्यांतच जातो.

ही तपासणी कारागिराची वाट न पाहतां घरींच करावी. टायरांत हवा योग्य भरून, चालकास आसनावर बसवून, रिकामी गाडी सपाट जागीं भिंतीसमोर १० मीटरांवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणावी. सामान्य मोटारींत डिपरच्या प्रकाशाची वरची कडा त्या खुणेखालीं सुमारें १० सेंटिमीटर पडावी; डावीकडे ती किंचित् चढते, तो दोष नव्हे. एक दिवा झांकून दुसऱ्याचा स्क्रू थोडथोडा फिरवावा.

मागें पोतीं लादलीं कीं गाडीचें नाक उचलतें व झोत वर जातो, हें आमचे बंधु हटकून विसरतात. कित्येक गाड्यांत चालकाजवळ दिवे खालीं करण्याची लहान चाकी असते. ओझें असतांना ती फिरवावी, उतरल्यावर पूर्ववत् करावी.