पाण्यांतलें तेल : आधीं निदान, मग हेड

उरण तालुक्यांत १९८४ सालीं शेतकऱ्यांनीं जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीं लढा दिला व त्यांत पांच जणांचे प्राण गेले. पुढें १९८९ सालीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांपैकीं कित्येक कुटुंबांनीं मालमोटारीचा धंदा धरला; ज्यांच्या थोड्याबहुत राहिल्या, त्यांच्याही दारांत भात, पेंढा, विटा वाहणारी एखादी जुनी गाडी उभी दिसते. अशी गाडी बैलजोडीइतकाच संसाराचा आधार होऊन बसली आहे. म्हणून तिच्या एका विकाराविषयीं, व त्याहूनही त्या विकारावर होणाऱ्या उतावळ्या उपचाराविषयीं, आम्ही दोन शब्द लिहीत आहों.

विकार असा, कीं रेडिएटरचें झांकण काढलें असतां पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो किंवा तोंडाशीं तपकिरी सायीसारखा चिकट थर आढळतो. तो पाहतांच "हेड गेलें" असा निकाल बहुधा उभ्या उभ्या दिला जातो. हेड उतरतें, घासलें जातें, नवें गॅस्केट बसतें. मळणीचे किंवा भाड्याचे ऐन दिवस वायां जातात. आणि पंधरवड्यांत पुन्हा तोच तवंग! दोष दुसरीकडेच असल्यावर दुसरें काय होणार? आमचें स्पष्ट मत आहे, कीं पुरावा डोळ्यांनीं पाहिल्यावांचून मालकानें हेडला हात लावूं देऊं नये.

पहिली गोष्ट, तेल इंजिनांतूनच आलें आहे ना, याची खात्री करावी. तेलाच्या डब्यानें पाणी भरल्यास तवंग येतो. गंजाविरुद्ध पाण्यांत मिसळणारें तेल पूर्वी कोणीं ओतलें असल्यास पाणी दुधासारखें पांढरें होतें. सबब, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी काढावें, दोन-तीन वेळां धुऊन स्वच्छ पाणी भरावें, गाडी थोडी चालवावी, व ती थंड झाल्यावर पुन्हा पाहावें. तवंग परत आला तरच पुढील शोध. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कदापि उघडूं नये.

दुसरी गोष्ट, दाबाचा विचार करावा. चालत्या डिझेल इंजिनांत तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरास साधारण २ ते ५ किलो असतो. रेडिएटरचें झांकण बहुधा १ किलोच्या आंतच दाब सोडतें. म्हणून जेथें तेल व पाणी एका पातळ पत्र्याच्या दोन अंगांस वाहतात, तेथें छिद्र पडल्यास तेलच पाण्यांत शिरतें. असें ठिकाण म्हणजे पाण्यानें थंड होणारा ऑइल कूलर. ज्या इंजिनास तो आहे, तेथें संशय प्रथम त्याचाच घ्यावा. तो उतरवून तेलाच्या बाजूचें एक तोंड बंद करावें, दुसऱ्यांतून बेताची हवा द्यावी व कूलर गरम पाण्यांत बुडवावा. बुडबुडे आले कीं चोर सांपडला.

हेडच्या दोषाच्या खुणा निराळ्या असतात. इंजिन चालू होतांच रेडिएटरांत सतत बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेंकलें जातें, शेजारशेजारचे दोन सिलिंडर दुबळे पडतात. तरीही ज्या गाडीस हवेचे ब्रेक आहेत व ज्यांचा कॉम्प्रेसर पाण्यानें थंड होतो, तेथें त्याचेंच गॅस्केट फुटून असे बुडबुडे येऊं शकतात. तें आधीं तपासावें. हेड वा ब्लॉकला चीर असल्याचा संशय आल्यास कारखान्यांत दाबाची परीक्षा करवून मगच खर्चास मान्यता द्यावी.

तेल मोजण्याची पट्टीही अवश्य पाहावी. इंजिन थांबल्यावर तेलाचा दाब नाहींसा होतो, परंतु तप्त पाण्याचा कांहीं काळ टिकतो. तेव्हां त्याच छिद्रांतून पाणी चेंबरांत उतरूं शकतें. पट्टीवरील तेल ताकासारखें दिसलें किंवा पातळी वाढली, तर इंजिन मुळींच चालूं करूं नये, बेअरिंगें जातील. मात्र पावसाळ्यांत तेलाच्या झांकणाखालीं जमणारी थोडी पांढरी साय दमट हवेनेंही येते. तेवढ्यावरून घाबरूं नये.

आमच्या खाडीकांठीं या विकारास एक स्थानिक कारण आहे, तें मचूळ पाणी. खाऱ्या विहिरीचें पाणी रेडिएटरांत घातल्यास त्यांतील क्षार तांबें, पितळ व लोखंड हळूहळू पोखरतात. गोडें, शक्य तर शुद्ध केलेलें पाणी व गंजरोधक कूलंट हाच स्वस्त उपाय होय. दुरुस्तीनंतर तेलानें फुगलेले रबरी नळ बदलावे. काढलेलें तेल बांधावर किंवा खाडींत न ओततां नोंदणीकृत संकलकाकडे द्यावें. मासळी व भात दोन्हीं आपलींच आहेत.

शेवटीं सहकाराची गोष्ट. रेडिएटर तपासण्याचा हातपंप एकेकट्यास कदाचित् जड वाटेल. परंतु फवारणीपंपाप्रमाणें तो गांवोगांवच्या सोसायटीनें एक घेऊन ठेवल्यास सभासदांस तो फिरता वापरतां येईल. मिस्त्रीच्या कसबाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु गुरांच्या दुखण्यांत आपण आधीं लक्षणें विचारतों, मग औषध देतों. यंत्राच्या दुखण्यांत तोच विवेक कां सोडावा?