ठासणीच्या बंदुकीत ‘बिनधुराची’ दारू भरली तर काय होतं?

रत्नागिरी जिल्ह्यात देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचं मुख्य ठिकाण. आजूबाजूच्या वाड्यांमध्ये भात पिकायला लागलं की रानडुकरं आणि माकडांचा उपद्रव वाढतो. म्हणूनच कोकणातल्या अनेक घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आढळते. बऱ्याचदा ती आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली असते.

आता मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ दिसतात. ठासणीची बंदूक, पण धूर नाही, नळी साफ करायची कटकट नाही आणि मारा लांबचा. ते पाहून ‘आपल्या बंदुकीत हीच दारू चालेल का?’ असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर एका शब्दात: नाही. कारण मात्र समजून घ्यायला हवं.

दोन दारूंमध्ये फरक काय?

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते. फ्रान्सच्या पॉल व्हिएई यांनी ती १८८४ मध्ये तयार केली. वजनाला वजन धरलं, तर तिच्यात काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट ऊर्जा असते.

पण खरा धोका जळण्याच्या पद्धतीत आहे. काळ्या दारूचा जळण्याचा वेग दाब वाढल्यावर फारसा वाढत नाही. बिनधुराच्या दारूचं तसं नाही. दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. हे चक्र सेकंदाच्या हजाराव्या भागात पूर्ण होतं. त्यामुळे नेहमीच्या मापाने ती भरली, तर नळीवर येणारा दाब नळीच्या ताकदीपलीकडे जाऊ शकतो.

दाब म्हणजे नेमका किती?

गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसासाठी अमेरिकेतल्या मानकानुसार कमाल दाब ११,५०० पीएसआय आहे, म्हणजे टायरच्या ३०० पटींहून जास्त. .३०८ रायफलमध्ये ही मर्यादा ६२,००० पीएसआयपर्यंत जाते. ते पेलण्यासाठी पोलाद, नळीची जाडी आणि मागची कडी त्याच हिशेबाने बनवलेली असते.

म्हणूनच ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात बंदूक काळ्या दारूसाठी तपासली की ‘नायट्रो’साठी, याच्या वेगवेगळ्या खुणा नळीवर उमटवल्या जातात. फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या नळीवरची खूण दुसरी दारू चालेल, असं सांगत नाही.

केपचा प्रश्न का महत्त्वाचा?

काडतुसाच्या बंदुकीत बार उडताच पितळी किंवा प्लास्टिकचं कवच फुगून नळीला घट्ट बसतं आणि वायूला मागे येऊ देत नाही. ठासणीच्या बंदुकीत हे कवचच नाही. मागच्या बाजूला एक बारीक भोक आणि त्यावर बसवलेली पातळ धातूची केप, एवढाच अडसर. घोडा तिच्यावर दाबून बसलेला असतो म्हणून काळ्या दारूचा दाब निभावतो. दाब कित्येक पट वाढला, तर केपचे तुकडे उडतात, घोडा मागे फेकला जातो आणि तापलेला वायू थेट डोळ्यांच्या दिशेने येतो.

शिवाय बिनधुराची दारू पेटायला जोरदार ठिणगी लागते. साध्या केपने ती कधी पेटत नाही, कधी क्षणभर उशिरा पेटते. बार उडाला नाही असं समजून वरून पुन्हा भरणी केली, तर पुढच्या वेळी दुप्पट माल पेटतो.

मग व्हिडिओतल्या बंदुका कशा चालतात?

त्या मुळातच वेगळ्या आहेत. अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीची १०एमएल ही बिनधुराच्या दारूसाठीच बनवलेली ठासणीची बंदूक होती. तिची नळी आणि मागची कडी आधुनिक रायफलच्या धर्तीवरची. केपऐवजी शॉटगनच्या काडतुसातला जोरदार प्रायमर, आणि तो बंद कडीत पक्का बसवलेला. तरीही अशा बंदुकांमध्ये ठिणगीचं भोक झिजून मोठं होतं, मागे येणारा वायू वाढतो, म्हणून तो भाग ठरावीक काळाने बदलावा लागतो. दिसायला दोन्ही ‘ठासणीच्या’, पण साम्य तिथेच संपतं.

‘एकदा उडवली, काही झालं नाही’

हा सर्वांत फसवा अनुभव. जास्त दाबाने धातूत सूक्ष्म चिरा पडतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक बाराला त्या वाढतात. नळी फुटते ती दहाव्या किंवा पन्नासाव्या वेळी, आणि तेव्हा डावा हात बहुधा तिच्याखालीच असतो.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कलमात पुढची तरतूदही आहे: ठासणीची बंदूक पुरेशी नाही, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. म्हणजे ‘आमची बंदूक कमी पडते’ या तक्रारीवर कायद्यात वाट आहे. ती अर्जातून जाते, दारू बदलण्यातून नाही.

परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गंभीर गुन्हा आहे. विनापरवाना दुरुस्तीही याच कायद्याच्या कलम ५ खाली येते. परवाना असला तरी रानडुक्कर मारण्याची मुभा आपोआप मिळत नाही. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वनविभागाची परवानगी लागते.

शेतकऱ्यांची अडचण खरी आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं, नेमक्या भातकापणीच्या दिवसांत. आचारसंहितेत परवान्याची शस्त्रं जमा करून घेतली जातात. ज्यांना सूट मिळत नाही, त्यांचं शेत ऐन हंगामात राखणीविना राहतं. या प्रश्नावर प्रशासनाकडे बोट दाखवता येईल. नळीतल्या दाबाशी मात्र वाद घालता येत नाही.

घरात जुनी ठासणीची बंदूक असेल, तर हंगामाआधी परवानाधारक कारागिराकडून नळी, केप बसते तो भाग आणि घोडा तपासून घ्या. दारू परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि ती काळीच आहे याची खात्री करा. डब्यातली दारू कोणती हे सांगता येत नसेल, तर ती बंदुकीत भरू नका.