कालियाची बाजू

पाण्याखाली दडून बसणारा, विष ओकणारा, अख्ख्या गावाचं पाणी तोडणारा खलनायक आमच्या नाशकात १९१९ सालीच तयार झाला होता. बनवणारे दादासाहेब फाळके, कंपनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स आणि चित्रपट 'कालिया मर्दन'. अमेरिकेत सुपरमॅनचाच जन्म १९३८ चा, तेव्हा त्याच्या भाऊबंदांचे शत्रू तर त्याहून मागाहूनचे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे. तिथे सहलीला जाणाऱ्यांपैकी किती जण हा चित्रपट बघतात कोण जाणे. बघायला हवा. मूकपट असूनही त्याचा बराचसा भाग शाबूत राहिला, हे आपलं नशीब.

सुरुवातीलाच फाळके बापाच्या कौतुकाने आपल्या मुलीचा, मंदाकिनीचा, नुसता चेहरा दाखवतात. कृष्ण तीच आहे, वय जेमतेम सहा-सात. कॅमेरा तिच्या तोंडासमोरून हलत नाही आणि पोरगी एकामागून एक भाव बदलत जाते. आत्ता हसली म्हणेस्तोवर कपाळाला आठ्या, आठ्या विरल्या की डोळ्यांत भलतंच काही. मग तोच चेहरा हळूहळू विरघळून मुकुटातला कृष्ण होतो. 'बघा, हिला येतं, आता चित्रपट बघा' असा सगळा मामला. पुढे हा कृष्ण एका शेटजींच्या शयनघरात शिरून त्यांची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. म्हणजे नायकाचंही चारित्र्य काही धुतल्या तांदळासारखं नाही. आणि मग डोहात उडी. वर काठावर रडारड, खाली झुंज, पुन्हा वर, पुन्हा खाली. नाग नकली आहे हे लपत नाही, पण त्या एवढ्याशा पोरीपुढे तो असा थोराड दिसतो की आपण सावरून बसतो. फाळके चित्रकला शिकलेले, छपाईत मुरलेले, आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही करत. स्वतःचंच आडनाव उलटं करून. खलनायक मोठा दिसायला हवा असेल तर समोर कोण उभं करायचं, हे त्या जादूगाराला नेमकं ठाऊक होतं.

हे सगळं पुन्हा उकरून काढायला कारण झाली माझी भाची. पंचवटीत आमच्याकडे सुट्टीला आली ती ब्लॅक मॅन्टाचं वेड घेऊन. कॉमिक्समधला समुद्री सुपरहिरो ॲक्वामॅन, त्याचा हा हाडवैरी. अंगाला काळा पोशाख, डोक्यावर भलंमोठं शिरस्त्राण, त्यात दोन लाल डोळे आणि त्यांतून सुटणारे किरण. बॉब हॅनी आणि निक कार्डी या जोडीने १९६७ मध्ये त्याला कागदावर आणला. पुढची दहा वर्षं या गड्याने शिरस्त्राणच काढलं नाही. समुद्राचं राज्य हवं म्हणून दुष्ट, एवढंच त्याचं भांडवल. १९७७ मध्ये त्याने ॲक्वामॅनचं तान्हं बाळ मारलं आणि वैर कायमचं झालं. मग केव्हातरी लेखकांना वाटलं की याला भूतकाळ द्यावा. एका वेळी तो लहानपणी पळवून नेलेला मुलगा झाला, पुढे ते बदललं आणि ॲक्वामॅनच्या हातून ज्याचा बाप मेला असा मुलगा झाला. २०१८ च्या चित्रपटातही बापाच्या मरणाचाच सूड आहे.

"मामा, आपल्याकडे असा कोणी आहे का, पाण्यातला?" तिने विचारलं. मी कालिया म्हटलं. तिने नाक मुरडलं. "तो नुसता साप आहे. त्याला स्टोरी कुठेय?"

आता मात्र राहवेना. कालियाइतकी बांधीव पूर्वकथा फार थोड्या खलनायकांच्या वाट्याला आली असेल. आपण ती सांगत नाही, हा आपला आळस. भागवताच्या दहाव्या स्कंधात ती आहे. रमणक नावाच्या द्वीपावर नाग राहत. गरुडाने त्यांना सरसकट खाऊ नये म्हणून दर महिन्याला त्याला ठरलेला बळी पोचवायचा, असा करार. सरळ भाषेत सांगायचं तर हप्ता. कालियाने तो देणं बंद केलं, वर गरुडाच्या नावचा बळी स्वतःच फस्त केला. गरुड चालून आला, कालिया हरला आणि यमुनेच्या डोहात येऊन लपला. तिथेच का? तर त्या डोहात गरुडाला मज्जाव होता. कधीकाळी त्याने तिथला मासा खाल्ला होता, उरलेल्या मासळीची अवस्था बघून सौभरी ऋषींना कणव आली आणि त्यांनी शाप दिला की पुन्हा इथे मासा खायला आलास तर जिवाला मुकशील. ही बातमी नागांमध्ये एकट्या कालियाला ठाऊक होती. तर आपला खलनायक आहे घरदार सोडून आलेला, बायकापोरांसकट आडोसा शोधणारा. त्याच्या विषाने गाई-गुरं आणि गवळी मरतात हेही खरंच. दोन्ही खरं आहे, आणि गोष्ट दोन्ही सांगते.

त्याहून सरस भाग पुढे आहे. कृष्ण फण्यांवर नाचून त्याला जेरीला आणतो, नागपत्नी पोरांना पुढे घालून गयावया करतात, आणि मग कालिया स्वतः बोलतो. आम्ही जन्मतःच दुष्ट आणि तापट. स्वभाव कोणाला सुटतो? आणि ही सगळी सृष्टी, ह्या स्वभावांसकट, केलीस तूच ना? मग दया कर नाहीतर शिक्षा कर, तुझी मर्जी. एवढा बिनतोड युक्तिवाद वकील लावूनही झाला नसता. कृष्ण त्याला उत्तर देत नाही. तो फक्त निकाल देतो: इथे राहू नकोस, कुटुंबकबिला घेऊन समुद्रात जा, नदी गाईंना आणि माणसांना लागते. आणि माझ्या पावलांच्या खुणा तुझ्या माथ्यावर आहेत, तेव्हा गरुड आता तुला खाणार नाही. हद्दपारी, पण संरक्षणासह.

प्रत्येक जलराक्षसाला असा निकाल मिळाला असं मुळीच नाही. कालेय नावाचे असुर दिवसा समुद्रात दडत आणि रात्री वर येऊन ऋषींना मारत. त्यांच्यासाठी अगस्तींनी अख्खा समुद्रच पिऊन टाकला आणि देवांनी उघड्यावर पडलेल्यांची कत्तल केली. पुढची गंमत म्हणजे समुद्र परत भरा म्हटल्यावर अगस्ती म्हणाले, ते पाणी पचलं. (येवला तालुक्यात अंकाईच्या किल्ल्यावर लोक आजही अगस्तींचं स्थान दाखवतात. मनमाडच्या बाजूचं ते कोरडं रान बघितलं की समुद्र पिणाऱ्याने मुक्कामाला हीच जागा का निवडली असेल, असं मनात येतं.) उलट कोकणातल्या संकासुराचं बघा. वेद चोरून समुद्रात लपलेला आणि विष्णूच्या हातून मेलेला हा राक्षस शिमग्यात काळे कपडे, उंच निमुळती टोपी घालून, कमरेचे घुंगरू वाजवत दारोदार नाचतो. पोरं त्याला भिऊन पळतात आणि पुन्हा त्याच्याच मागे लागतात. लोक त्याला नवससुद्धा बोलतात.

कालियाचं तर विचारूच नका. नागपंचमीला तो आमच्या घरात पाटावर बसतो. आई गंधाने नाग काढायची, उजव्या हाताच्या अनामिकेने, शेपटीकडून फण्याकडे, मध्ये हात न उचलता. वर दूध, लाह्या, दूर्वा. त्या दिवशी विळी नाही, तवा नाही, तळण नाही, खणणं नाही. जेवायला पुरणाची दिंडं. आणि कथा कुठली? कृष्ण डोहातून सुखरूप वर आला तो हाच दिवस, अशी. विजय कृष्णाचा, नैवेद्य नागाला.

ब्लॅक मॅन्टाला हे सुख कधी मिळेल असं वाटत नाही. पुढचा अंक निघायचा तर तो हरायला हवा, पण संपायला नको. सुधारला तर धंदा बसला. साठ वर्षं होत आली, बिचारा आहे त्याच वैरात गोते खातोय. पुराणकारांना पुढचा अंक काढायचा नव्हता, म्हणून त्यांना आपला खलनायक घरी पाठवणं परवडलं.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वहीत स्वतःचं कालियाचं कॉमिक सुरू केलं. भागवतातल्या कालियाला एकशे एक फणे आहेत असं सांगितल्यावर तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मीच पाचावर तडजोड केली. पहिल्या पानावर यमुना नाही, कृष्ण नाही. हप्ता मागायला आलेला गरुड आहे, पंख पसरून, पान फाटेस्तोवर मोठा. दुपारी पेन्सिल चावत तिने विचारलं,

"मग शेवटी गरुडाला काय शिक्षा झाली?"

"काही नाही. तो विष्णूचं वाहन आहे."

"म्हणजे वरपर्यंत ओळख," ती म्हणाली आणि गरुडाच्या गळ्यात सोन्याची जाड साखळी काढू लागली.