ब्रेकर आणि बधिर बोटं

स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने 1895 मध्ये विजेवर चालणारं, हातात धरायचं ड्रिल बनवलं. वजन साडेसात किलो! पुढे अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या जोडीने कोल्ट पिस्तुलावरून कल्पना उचलून आपल्या ड्रिलला तशी मूठ आणि तसाच घोडा बसवला. त्याचं पेटंट 1917 चं. आज नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात दिसणारी ड्रिलं त्याच घराण्यातली.

मूठ हाताला बसली, पण मुठीतून हातात काय उतरतं?

डॉ. ॲलिस हॅमिल्टन 1918 मध्ये इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला गेल्या. तिथे हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी धरणाऱ्या पाथरवटांची बोटं थंडीत पांढरीफटक आणि बधिर होत होती. कारण होतं कंपन. इलाज निघायला मात्र काही दशकं गेली, आणि तो निघाला साधाच: इंजिन आणि मूठ यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग. फिनलंडमध्ये पाहणी झालेल्या, इंजिनवर चालणारी करवत धरणाऱ्या लाकूडतोड्यांत पांढऱ्या बोटांचं प्रमाण 1972 मध्ये 40 टक्के होतं, ते 1990 पर्यंत 5 टक्क्यांवर आलं. करवती सुधारल्या, हे त्याचं मोठं कारण. युरोपीय संघाने 2002 मध्ये मर्यादाही आखली: आठ तासांच्या पाळीत सरासरी 5 मीटर प्रति सेकंद वर्ग. हिशेब कंपनाच्या वर्गाने होतो, म्हणून 10 मीटर प्रति सेकंद वर्ग कंपनाचं यंत्र दोन तासांतच ती गाठतं.

आपल्याकडे थंडी कमी, त्यामुळे ब्रेकरने, म्हणजे रस्ता फोडायच्या यंत्राने, काम करणाऱ्या मजुरांची बोटं क्वचितच पांढरी पडतात. नुसत्या मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो, सकाळी चहाचा कप नीट धरवत नाही; आणि मुंग्यांसाठी रोजंदारी बुडवून दवाखान्यात कोण जाणार? 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या 29 अधिसूचित रोगांत आवाजाने येणारं बहिरेपण होतं, कंपनाचा आजार नव्हता. त्यात ब्रेकरची बोथट छिन्नी जास्त हादरे देते, पण ती बदलायची कधी हे ठेकेदार ठरवतो. भाड्याच्या ब्रेकरचं दिवसाचं भाडं वसूल व्हायचं, तर दोन तासांनी तो खाली ठेवणं त्याला कसं परवडेल?

म्हणून सुरुवात महापालिकांनी करावी. रस्त्याच्या निविदेत खडीचा आकार मिलिमीटरमध्ये लिहिला जातो. ब्रेकरचं कंपन किती चालेल आणि एका माणसाने तो सलग किती वेळ धरायचा, हे लिहायला त्याच कागदावर दोन ओळी पुरतील.