त्रिकोण फक्त मरण मोजतो

कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण एवढेच सांगतो की एका वेळी किती विष दिल्यावर प्रयोगशाळेतली निम्मी जनावरे मरतात. तोंडावाटे, दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, पुढे हिरवा. हंगामभर थोडे थोडे विष अंगात मुरले तर काय, याला त्यात जागाच नाही. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीने किमान वीस जण दगावले, शेकडो आजारी पडले. तरीही विषाची ओळख त्रिकोणावरूनच.

क्लोरपायरिफॉस पिवळ्या त्रिकोणातले. उंदरांच्या नवजात पिल्लांना पहिले चार दिवस ते किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम टोचले गेले. विषबाधेचे लक्षण नाही, वजनात घट नाही. वयात आल्यावर मात्र मेंदूतली सेरोटोनिन आणि अ‍ॅसिटाइलकोलीनची यंत्रणा बिघडलेली, शिकण्या-आठवण्यातही फरक.

मोठ्या माणसात हे विष कोलिनेस्टेरेज हे विकर बांधून टाकते. तांबड्या पेशींतले विकर नव्या पेशी आल्यावरच पूर्ण भरून निघते आणि त्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे. मजुराच्या पाठीवर पंप मात्र दोन दिवसांत पुन्हा चढतो. झाकणातून गळते, सदरा पाठीला चिकटतो, संध्याकाळी तोच सदरा घरची बाई उघड्या हातांनी धुते.

‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे’ म्हणणाऱ्यांनी आधी त्रिकोण पुसावा. तोही उंदरांच्याच मरणावर ठरलेला आहे. उंदीर मेला तर पुरावा आणि अधू होऊन जगला तर किरकोळ बाब, हे शास्त्र नव्हे, ही बेपर्वाई आहे. ‘मजूरच हातमोजे घालत नाहीत’ हे त्याहून निलाजरे. भाद्रपदाच्या उकाड्यात, डोक्याएवढ्या कपाशीत, रबरी कपड्यांत दिवसभर पंप मारून पाहावा आणि मग बोलावे.

युरोपीय संघाने 2020 मध्ये क्लोरपायरिफॉसची मान्यता संपवली. भारतात त्याच वर्षी 27 कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा निघाला. त्यात ते होते, पण पूर्ण बंदी आली नाही. हे झाले एकट्या विषाचे. शेतात दोन-तीन औषधे एकाच टाकीत कालवली जातात, त्या मिश्रणाला कोणताच त्रिकोण नाही.

डब्यावर वारंवारच्या अल्प मात्रेचे परिणाम ठळक मराठीत छापले पाहिजेत. हंगामाआधी आणि हंगामात फवारणी करणाऱ्याच्या रक्तातले कोलिनेस्टेरेज तपासले पाहिजे. कॅलिफोर्नियात अशी तपासणी 1974 पासून चालू आहे. तिला लागते ते थोडेसे रक्त, जे तालुक्याच्या दवाखान्यातही घेता येते.